बाबांनी गाडी पसंत केली

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं ते आत्याच्या पायामुळे. एरवी आम्हाला गाडीची काही गरज नव्हती. विक्रोळी पूर्वेला राहणाऱ्या माणसाच्या दाराशी रिक्षा असते, पलीकडे हायवे असतो, आणि पार्किंगच्या जागेवरून आमच्या सोसायटीत दर मीटिंगला जी जुंपते ती ऐकली की गाडीची हौस तिथल्या तिथे फिटते. दादा दोन वर्षं अधूनमधून 'घेऊया ना एक' म्हणायचा आणि आम्ही 'घे' म्हणायचो, एवढंच.

आत्या म्हणजे बाबांची सख्खी थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे. आमच्याकडे म्हणणंही चूकच. घर उभं केलं तेच तिने आणि बाबांनी मिळून, आई त्यात नंतर आली आणि आम्ही त्याहून नंतर. पाच वर्षांपूर्वी आत्या न्हाणीघरात घसरली आणि कमरेशी पायाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, ती घरातल्या घरात फिरू लागली. पण तो उजवा पाय एका ठरावीक उंचीवर उचलला की थांबायचा.

त्या वर्षी गणपतीला आम्ही भाड्याची मोठी गाडी केली. गाव कणकवलीच्या पुढे. गाडी उंच होती. आत्याला चढता येईना, तेव्हा ड्रायव्हरने एका बाजूने आणि दादाने दुसऱ्या बाजूने धरून तिला उचललं आणि सीटवर ठेवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत गेलं, समोर अख्खी बिल्डिंग निरोप द्यायला उभी. आत्या माणगावपर्यंत कोणाशी बोलली नाही. परत आल्यावर मात्र तिने एकदाच सांगितलं, "मी सामान नाय. असा उचलून नेतास तर माका गावाक जावचा नाय." नंतरचे चार गणपती तिने विक्रोळीत काढले. सोबतीला मी राहायचे. गणपतीवर टांगायच्या लाकडी माटवीला कवंडळाची रानफळं कुठे बांधायची, हे ती फोनवरून ओरडून सांगायची, गावचं नेटवर्क जायचं, आणि मग ती फोन उलटा ठेवून भाजी चिरायला घ्यायची. तिला काय वाटायचं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारायला हवं होतं.

यंदा तिला गावी न्यायचं, आणि तेही तिच्या स्वतःच्या पायांनी गाडीत चढून, असं बाबांनी ठरवलं. बाबा ठरवतात तेव्हा बोलत नाहीत, कामाला लागतात.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्याच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. घाटकोपरहून माणसं उचलायची, गेटवर सोडायची, संध्याकाळी पुन्हा तेच. स्वतःची सायकलसुद्धा त्यांनी कधी घेतली नाही. निवृत्त झाल्यावर काचबिंदूने उजव्या डोळ्याचं दिसणं कमी झालं, तेव्हा लायसन्सची मुदत संपू दिली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवी गाडी दादा चालवणार होता. पण निवडायची कोणी, यावर चर्चाच झाली नाही. दादाला इंजिनाबद्दल मोबाइलवर वाचून बरंच कळतं. बाबांना माणसांबद्दल कळतं.

एका रविवारी त्यांनी माळ्यावरून पंगतीचे जुने लाकडी पाट खाली काढले. आईला वाटलं कोणी जेवायला येणार. त्यांनी पाटावर पाट ठेवला आणि आत्याला म्हणाले, "ताय, पाय ठेव." ती ठेवायची, हे आणखी एक पाट चढवायचे. तिसऱ्यापर्यंत पाय सहज गेला. चौथ्याला भिंत धरावी लागली. पाचव्याला ती म्हणाली, "आता माका पाटार बसवन ओवाळतलंस काय?" बाबांनी तिची काठी घेतली, चार पाटांच्या चळतीला लावली आणि जिथे चळत संपली तिथे काठीला लाल नाडा बांधला. झालं माप. घरात मेजर टेप होती, दादा ती घेऊन उभाही होता. बाबा म्हणाले, "टेपने गाडीची उंची कळेल. काठीने तिची कळते."

मग मला म्हणाले, "वही घे. माणसं लिही." शाळेत शिकवत असल्यामुळे आमच्या घरात लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. ते बोटं मोजत सांगू लागले. आई, आत्या, दादा, वहिनी, त्यांची मुलगी, मुलगा, तू. "सात," बाबा म्हणाले. मी सात लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. दादाने लगेच मोबाइलवर सात सीटच्या गाड्या शोधायला घेतल्या.

त्यानंतरचे चार शनिवार मी, दादा आणि बाबा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतची शोरूम पालथी घालत होतो. मी मुद्दाम जायचे, कारण बाबा गाडी कशी बघतात हे बघण्यासारखं होतं. हातात आत्याची काठी, त्यामुळे आत शिरताच कोणीतरी खुर्ची पुढे करायचं. ते नको म्हणायचे आणि सरळ गाडीच्या मधल्या दाराशी जाऊन उकिडवे बसायचे. दार उघडून काठी जमिनीला टेकवायचे आणि नाडा कुठे येतो ते बघायचे. नाडा गाडीच्या तळाच्या खाली राहिला, की उठून "धन्यवाद" म्हणून बाहेर. दोन गाड्या तर तीस सेकंदांत बाद झाल्या. एका ठिकाणी विकणारे साहेब मागून धावत आले, "काका, सनरूफ तरी बघा." दादा पण म्हणाला, "बाबा, बघा ना यार, झकास आहे." बाबांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, "गावाला ऊन कमी आहे काय?"

उंचीत जी पास व्हायची तिची दुसरी परीक्षा असायची. चक्कर मारायला निघताना साहेब बाबांसाठी पुढचं दार उघडायचे. बाबा मागच्या, अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसायचे. बहात्तराव्या वर्षी, अंग चोरून, गुडघे मुडपून. दादाला लाज वाटायची. "पुढे बसा ना बाबा. कसं दिसतं ते."

"पुढची सीट सगळ्याच गाड्यांची चांगली असते," बाबा म्हणाले. "गाडी मागे बसून कळते."

मग त्या दिवशी रिक्षात त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी एकतीस वर्षांत घरी कधी सांगितली नव्हती. बस दुरुस्तीहून आली की ते मेकॅनिकला चालवायला लावायचे आणि स्वतः शेवटच्या बाकावर, चाकाच्या वर बसून एक फेरी मारायचे. कारण शेवटच्या थांब्यावर पॅकिंगमधल्या बायका चढायच्या आणि त्यांना तोच बाक उरायचा. त्यातल्या एकीला दिवस गेले होते. "तिथं किती आदळतं ते ड्रायव्हरला पुढे बसून कसं कळणार?" बाबा म्हणाले आणि रिक्षाबाहेर बघू लागले. पुढच्या शोरूममध्ये मागच्या सीटकडे जायची वाट दादानेच त्यांना करून दिली. मी आयुष्यात बऱ्याच हुशार माणसांना भेटले आहे, पण आपलं काम असं उलट्या टोकाला बसून तपासणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. आणि तो आमच्याच घरात रोज चहात बिस्कीट बुडवून खात होता.

चौथ्या शनिवारी मुलुंडला ती पांढरी गाडी मिळाली. तळ नाड्यापेक्षा दोन बोटं खाली. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, मागे तिघांची सीट. ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. बाबा मागून उतरले, कंबर सरळ केली आणि म्हणाले, "हिला पसंती." विकणारे साहेब नेहमीचे टायवाले, पण माणूस समजूतदार होता. म्हणाला, "आजींना एकदा घेऊन या. बुकिंग नंतर." गणपतीला पाच आठवडे होते, ही गाडी तीन आठवड्यांत मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दोन रिक्षा आणि एक टॅक्सी करून गेलो. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसली होती. गाडी शोरूमबाहेर काढून ठेवलेली. बाबांनी दार उघडलं आणि बाजूला झाले, हात पुढे केला नाही. आम्हालाही त्यांनी नजरेने मागे ठेवलं. आत्याने काठी आत ठेवली, वरचा दांडा धरला, पाय उचलला. तो गेला. मग दुसरा. ती खुर्चीत टेकली, पदर सारखा केला आणि समोर बघून म्हणाली, "बसलंय." तेवढंच. वहिनीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आई तर सरळ रडायलाच लागली.

मग बाबांनी आम्हा सगळ्यांना बसवायला घेतलं. दादा चालवायला, आई पुढे, वहिनी आत्याच्या शेजारी, दोन पोरं आणि मी मागे. पुढून मागे एक फेरी मारून त्यांनी डोकी मोजली, दारं एकेक करून हाताने लावली, आणि टपावर दोन थापा मारल्या. बस सुटायच्या आधी ते हेच करायचे. आम्ही आत हसत होतो, भाचीने फोटो काढायला मोबाइल वर धरला होता.

साहेब बाहेर बाबांच्या शेजारी उभे होते. म्हणाले, "काका, तुम्ही कुठे बसणार?"

"मी?" बाबा म्हणाले. "जाऊदे त्यांना. मारूदेत एक चक्कर."

"नाही, गावाला जाताना. तुम्ही कुठे बसणार?"

भाचीने वर धरलेला मोबाइल खाली घेतला. मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात बोटं मोजली आणि माझे कान तापले. सहलीला साठ पोरं नेऊन साठ परत आणणारी बाई मी. वहीत सात लिहून खाली दोन रेघा ओढणारी. एकतीस वर्षं बाबांनी फक्त पॅसेंजर मोजले होते, ड्रायव्हर मोजायचा नसतो. आता ते ड्रायव्हर राहिले नव्हते, पण मोजणी तीच राहिली होती. त्यांचं एक सोडा. आम्ही सात जण, चार आठवडे 'सात, सात' म्हणत होतो, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही की बाबा त्यात नाहीत. चूक त्यांची सवयीची होती. आमची चूक कसली होती, त्याला बरं नाव मला अजून सापडलेलं नाही.

बाबाच पहिले हसले. "बघा, ड्रायव्हर राहिला. काही बिघडत नाही. मी एसटीने येतो. तुमच्या आधी पोचेन."

"मी जाईन एसटीने," मी म्हणाले. दादाचा मुलगाही म्हणाला. वहिनी म्हणाली, ट्रेनचं तत्काळ बघू. सगळे एकदम बोलू लागले. तेवढ्यात आत्याने काठीने दार ठोकलं. "उघड."

बाबांनी उघडलं. ती आली तशीच, स्वतः उतरली.

"माका ही गाडी नको," ती म्हणाली. "आज ही पोरगी एसटीन जातलंय म्हणता. स्टँडार गेल्यार तू तिका परत धाडतलंस आणि सोता बसतलंस. दर वर्सा तूच. मी वळखतंय तुका."

साहेबांनी मध्ये पडून सांगितलं, हीच गाडी आठ सीटचीही येते. मध्ये सुट्या खुर्च्यांऐवजी तिघांचा बाक असतो. तळाची उंची तीच. फक्त त्या मॉडेलला थांबावं लागेल, दिवाळीनंतरच मिळेल.

म्हणजे गणपती गेला. बाबांचा चेहरा उतरला. मी त्या दोघा भावंडांना कधी भांडताना ऐकलं नव्हतं, ते तिथे मुलुंडच्या रस्त्याकडेला ऐकलं. "ताय, पाचवा वर्स होतला," बाबा म्हणाले. ती म्हणाली, "होवंदे." बाबा म्हणाले, "तुझा वय काय? पुढच्या वर्साचा कोणी सांगलाहा?" असं बोलायचं नसतं. बोलून झाल्यावर त्यांनी ओठ मिटून घेतले.

आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मग साहेबांकडे वळून, जणू त्यांनाच समजावून सांगायचं होतं, तिने सांगितलं. तिला तेरावं आणि बाबांना सातवं होतं. आई मेली, वडील मुंबईला गिरणीत. गावातल्या कोणाच्या तरी सोबतीने दोघं मुंबईला निघाली. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती, तिला कसाबसा टेकायपुरता कोपरा मिळाला. "ह्याका मी मांडयेर घेवन मुंबैक हाडलंय," ती म्हणाली. "आख्खी वाट. पाय बधिर झाले, पण खाली ठेवक नाय. आता माका आरामाची सीट मिळाली म्हणान मी ह्याका रस्त्यार ठेवन जाव? मी जावचंय नाय."

साहेबांनी मान खाली घातली. बाबा खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. मला त्या क्षणी आत्याचा रागही आला. चार वर्षं जिवाची तडफड केलीस, आज गाडी समोर उभी आहे, तीन आठवड्यांत दारात येईल, आणि नको म्हणतेस. पण राग फार टिकला नाही. तिच्या जागी मी असते तर गाडीत बसून राहिले असते, हे मला पुरतं ठाऊक होतं. आम्ही आठ सीटची गाडी बुक केली आणि दोन रिक्षा, एक टॅक्सी करून परत आलो.

तो गणपती आत्याने विक्रोळीत काढला. नेहमीप्रमाणे तिच्याबरोबर मी होते आणि या वेळी बाबाही राहिले. दादा-वहिनी गावी गेले. आरतीच्या वेळी फोन लागला, तुटला, पुन्हा लागला. दोघं भावंडं मोबाइलसमोर टाळ्या वाजवत उभी होती. तिची तब्येत मध्ये एकदा बिघडली, छातीत कफ झाला, आठ दिवस दवाखान्यात होती. त्या आठ दिवसांत बाबा घरात कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. 'हट्ट केला तिने, आपण का ऐकलं' एवढंच एकदा आईला म्हणाले. पण आत्या घरी आली, आणि दिवाळीनंतर महिन्याभराने गाडीही आली.

आम्ही शिमग्याला निघालो. गणपती नाही तर नाही, देवाची पालखी घरी येते तेव्हा तरी तिने अंगणात असावं. पहाटे विक्रोळी सोडली. पुढे दादा आणि आई. मधल्या बाकावर दाराशी आत्या, मग वहिनी, मग भाची. बाबांना आम्ही सगळ्यांनी मध्ये बसायला सांगून बघितलं. ते शेवटच्या सीटवर खिडकीशी जाऊन बसले. त्यांच्या शेजारी मी आणि पलीकडे दादाचा मुलगा.

पनवेलपर्यंत ते मागून दादाला सूचना देत होते. डावीकडे घे, ट्रकच्या मागे राहू नको, आरसा बघ. पेणनंतर सूचना कमी झाल्या. कशेडीच्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा मला खांद्यावर वजन जाणवलं. बाबांचं डोकं माझ्याकडे कललं होतं आणि ते झोपले होते. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. माझं वय चव्वेचाळीस. बाबांना चालत्या गाडीत झोपलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. गावाला जाताना आम्ही सगळे गाढ झोपायचो आणि ते सामान आणि आम्हाला मोजत जागे असायचे. पोराने पलीकडून हात लांबवून हळूच त्यांचा चष्मा काढून खिशात ठेवला.

मधून आत्याने मान वळवून बघितलं. मग पुढे दादाला म्हणाली, "हळू घे रे. तो निजलो हा." दादाने वेग कमी केला. पुढचा सगळा रस्ता त्याने प्रत्येक खड्डा वळसा घालून चुकवला आणि आम्ही दोन तास उशिरा पोचलो. कोणी तक्रार केली नाही.

दुपारी गाडी गावच्या घरासमोर खळ्यात उभी राहिली. गावचं घर सांभाळणारी काकी तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. शेजारपाजारचेही जमले, आत्या येणार हे सगळ्यांना कळलं होतं. आत्याने दार उघडलं, काठी टेकवली आणि उतरली. कोणाचा हात घेतला नाही. काकी ओवाळायला पुढे झाली तशी आत्याने तिला बोटाने गप्प केलं. दादा मागचं दार उघडून बाबांना हाक मारणार, तेवढ्यात तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"निजांदे तेका," ती म्हणाली. "जन्मभर सगळ्यांका उतरवन मगे हो उतारलो."

पाच वर्षांत न बघितलेलं घर तिच्या मागे वीस पावलांवर होतं. दार उघडं होतं, आतून धूप जळल्याचा वास येत होता. आत्याने तिकडे पाठ केली आणि काचेतून आत बघत, बाबा जागे होईपर्यंत उन्हात उभी राहिली.